सगळ्यात लाल रिपोर्ट

लासूर स्टेशनच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चक्क वाचायला लागले. मी बघतच राहिले. आठ महिने मी तो कागद लोकांपुढे ठेवत होते. कारखान्यांचे एचआरवाले, शाळांचे संस्थाचालक, छोट्या दवाखान्यांचे मालक, सगळ्यांनी तो हातात घेतला होता, उलटसुलट केला होता आणि "प्रिंटिंग भारी आहे हं मॅडम" म्हणून परत दिला होता. वाचला कुणीच नव्हता. वाचायचा नसतोच तो. वर ठळक अक्षरांत 'नमुना' असं मीच छापून घेतलेलं. साडीच्या दुकानातल्या पुतळीला कुणी तब्येत विचारतं का?

डॉक्टर पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर आले. बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते, मोंढ्याकडं धान्य घेऊन जाणाऱ्या गाड्या हॉर्न मारत होत्या आणि माझं सगळं लक्ष घड्याळाकडं. परत जाताना गंगापूरला अजून एक भेट उरकायची होती.

"पेशंट कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कुठला पेशंट, डॉक्टर?"

"हा." त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"अहो, तो नमुना आहे. आमचा रिपोर्ट कसा दिसतो ते कळावं म्हणून."

"नमुना आहे ते वाचलं मी. रक्त कुणाचं आहे?"

मी हसले. आमच्या धंद्यात अडचण आली की आधी हसायचं असतं. "कुणाचं नाही डॉक्टर. असेच आकडे टाकलेत. डमी."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, असेच टाकले असते तर ते आकडे एकमेकांशी भांडले असते. हे भांडत नाहीत. साखर इतकी वर आहे, किडनीचं काम ढेपाळलंय, हिमोग्लोबिन पार खाली गेलंय, लघवीतून प्रथिनं वाहून चाललीत. हे सगळं एकाच अंगातलं आहे. खोटं बनवायचं तर बनवणाऱ्याला माझ्याइतकी प्रॅक्टिस पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "हा माणूस आज कुठं आहे, ठाऊक आहे तुम्हाला? आहे का तरी?"

'आहे का तरी' याचा अर्थ कळायला मला दोन क्षण लागले. कळला आणि मी हसायची थांबले.

कारण आकडे डमी नव्हते. मी धडधडीत खोटं बोलले होते, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

माझं काम काय ते सांगते, म्हणजे हा घोळ कसा झाला ते कळेल. मी एका आरोग्यसेवा कंपनीत बिझनेस डेव्हलपमेंटला आहे. कारखान्यांतल्या कामगारांची वर्षातून एकदा तपासणी करायची, लहान दवाखान्यांतून रक्ताच्या ट्यूब उचलून लॅबला न्यायच्या, रिपोर्ट फोनवर पाठवायचे, हे कंपनीचं काम. ही कामं मिळवून आणणं हे माझं काम. आमच्या पुंडलिकनगरातल्या शेजारणींना माझ्या सासूबाई "ती दवाखान्याचं कायतरी विकती" असं सांगतात. आधी मला याचा भयंकर राग यायचा. एमबीए काय उगाच केलंय का, म्हणायचे. आता काही म्हणत नाही.

आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडं नवीन सॉफ्टवेअर आलं. ते नीट चालतं का बघायला ऑफिसातल्याच चौदा जणांचं रक्त घेतलं. साहेब, मी, अकाउंटची दोघं, मार्केटिंगची पोरं, ड्रायव्हर, खालचा वॉचमन, चहापाणी आणि साफसफाई बघणाऱ्या मावशी आणि आमचे भाई. भाई म्हणजे रक्त काढणारे टेक्निशियन. त्यांचा हात इतका हलका, की सुई कधी गेली ते लेकरांनाही कळत नाही. त्यांनी स्वतःचं रक्तसुद्धा स्वतःच काढलं आणि वर मला म्हणाले, "देखो मॅडम, फुकट में चेकअप हो गया अपना."

पण रक्तात काय निघालं हे बघायचा कुणाचाच विचार नव्हता. लोगो तिरका येतोय का, बारकोड स्कॅन होतोय का, लिंक फोनवर जाते का, एवढंच बघायचं होतं. लिंका ज्याच्या त्याच्या फोनवर गेल्या. छापलेले चौदा रिपोर्ट माझ्या टेबलावर आले, कारण मीटिंगांमध्ये दाखवायला साहेबांना एक नमुना पाहिजे होता.

"असा निवडा मॅडम, की लाल उठून दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले. "मर्यादेबाहेरचा आकडा लाल येतो, बाजूला बाण येतो, हेच तर आपलं फीचर आहे. सगळं काळंच असलं तर क्लायंटला दाखवणार काय?"

मला पटलं. अगदी शंभर टक्के पटलं, आता लपवून काय उपयोग! मी चौदाही रिपोर्ट पत्त्यांसारखे टेबलावर पसरले आणि सगळ्यात लाल होता तो उचलला. दोन्ही पानं भरून लाल. "वा, काय मस्त आलाय हा!" असं मी मोठ्यानं म्हणाले होते. माझाच तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वरच्या नाव-वयाच्या पट्टीवर पांढरा कागद चिकटवला आणि रंगीत प्रती काढायला दिल्या. नाव बघितलं का? डोळ्यांखालून गेलं असेल. पण ते झाकायचं आहे एवढंच डोक्यात होतं, आणि जे झाकायचं ते कोण वाचत बसतं? बारकोड तेवढा ठेवला, कारण बारकोडही दाखवायचा होता. बाकीचे तेरा रिपोर्ट पाठकोरे म्हणून प्रिंटरला लावून टाकले.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या कागदामागं आपला मोबाईल नंबर लिहिला आणि म्हणाले, "तुमच्या टाय-अपचं नंतर बघू. आधी माणूस शोधा. आजच. सापडला की मला फोन करा."

गाडी भाई चालवत होते. रक्ताच्या ट्यूबांची पेटी मागच्या सीटवर होती. स्टेशनचं फाटक ओलांडल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"या अल्ला," भाई म्हणाले. "वो चौदा में तो मैं भी था, मॅडम."

"मीपण होते, भाई."

मी फोन काढला. आठ महिन्यांपूर्वी मलाही लिंक आली होती की! ती मी उघडलीच नव्हती. दिवसभर लोकांना 'वेळेवर तपासणी, निर्धास्त आयुष्य' असं ऐकवत फिरणारी बाई मी, आणि स्वतःचा रिपोर्ट उघडला नाही! आता बोट लावलं तर पडद्यावर 'लिंकची मुदत संपली आहे'. ही मुदत एक महिन्याचीच ठेवा असा आग्रह मीच धरला होता. लोक घाईनं उघडतात म्हणून. कर्म माझं!

"भाई, तुम्ही तुमचा बघितला होता?"

"नाही ना. मेरेकू लगा, अपनाच लॅब है, कुछ रहता तो बोलते ना कोई."

गाडी त्यांनी एका रसवंतीपाशी बाजूला घेतली. मला वाटलं, त्यांना रस प्यायचाय. पण ते खाली उतरले, पँट जरा वर ओढली आणि अंगठ्यानं स्वतःचा घोटा दाबून बघायला लागले. किडनीचा त्रास असला की पायाला सूज येते, दाबलं की खड्डा पडतो, हे आम्हा दोघांनाही पाठ. मी आत बसल्या बसल्या सँडल काढली आणि माझे घोटे दाबायला लागले. रसवंतीवाला आमच्याकडं डोळे फाडून बघत होता.

"मेरेकू दो महिने से थकान लगरी," भाई खिडकीशी येऊन म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"थकवा मलापण आहे. उन्हाळ्यात कुणाला नसतो, भाई?"

खरं सांगते, त्या घोटा दाबण्याच्या वेळात मी देवाला म्हणाले, दुसरं कुणीही असू दे, मी नको. माझी पोरं लहान आहेत. आणि दुसरं कुणीही म्हणजे कोण, हेही मी मनात मोजलं. साहेब? ते रोज सकाळी बॅडमिंटन खेळतात. अकाउंटवाले? ते जरा जाड आहेत, त्यांच्या घरात सगळ्यांनाच साखर आहे. वॉचमन? तो तंबाखू खातो. मी एकेकाचा चेहरा समोर आणत होते आणि त्याच्या अंगावर तो लाल रिपोर्ट लावून बघत होते. मावशींचा चेहरा समोर आलाच नाही. देवाशपथ आला नाही.

गंगापूरच्या अलीकडं साहेबांचा फोन आला. लासूरचं काय झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी काय झालं ते सांगितलं.

"मॅडम, बारकोड का ठेवला त्याच्यावर?" ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "साहेब, कुणाच्या तरी किडन्या चालल्यात."

"हो, ते बघू ना आपण. पण आधी तो रिपोर्ट सगळ्या फायलींतून काढा. बाहेर किती प्रती गेल्यात? कुणी बारकोड स्कॅन केला तर आपल्या गळ्याशी येईल."

डोक्यात अशी तिडीक गेली! "साहेब, त्या चौदा जणांत तुम्हीपण आहात," मी म्हणाले. "तुमचा रिपोर्ट बघितला होता का तुम्ही?"

मग एकदम बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "काय काय आहे म्हणालात त्याच्यात?"

मी सगळं सांगितलं आणि फोन ठेवला. गंगापूरची भेट राहूनच गेली. आमचं ऑफिस बजाजनगरला, वाळूज एमआयडीसीच्या बाजूला. तिथं पोचेपर्यंत तीन वाजले होते. जुनं रेकॉर्ड फक्त लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडतं. भाई खुर्चीवर बसले, मी मागं उभी. मी बारकोडखालचे आकडे एकेक करून वाचले, त्यांनी टाइप केले. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा तपासून टाकला.

स्क्रीनवर नाव आलं.

स्त्री, वय बावन्न. फोन नंबरच्या जागी ऑफिसचा लँडलाईन. तो नंबर मीच टाकला होता. मावशींकडं साधा बटणांचा फोन, त्याच्यावर लिंक उघडत नाही. आणि रकाना रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर पुढं जात नव्हतं. म्हणून माझ्या टेबलावरचा नंबर दिला. लँडलाईनवर कसली डोंबलाची लिंक येते!

"मावशी?" भाई म्हणाले. "अपने मावशी?"

मी खाली बसले. खुर्ची नव्हती मागं, तशीच फरशीवर बसले.

आणि मग एकेक आठवायला लागलं. रक्त दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी मावशींनी विचारलं होतं, "ताई, माज्या रगताचं काय झालं ओ?" मी लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले होते, "सगळं ठीक आहे मावशी. काही असतं तर फोन आला असता." त्या म्हणाल्या, "मग बरं." नंतर मावशी दुपारी पँट्रीत बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. दोनदा मीच रागावले. बाहेरचे लोक येतात, बरं दिसत नाही, म्हणाले. गुडघे धरलेत, कंबर धरलीय म्हणायच्या, तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये डोकेदुखीसाठी ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटातून दोन-दोन गोळ्या कापून द्यायचे. आपण किती चांगल्या आहोत असं वाटायचं मला तेव्हा.

आणि एकदा त्यांनी त्या नमुन्याच्या कागदाकडं बघून विचारलं होतं, "ताई, हे एवढं लाल लाल काय असतं?" रिपोर्ट इंग्रजीत, मावशी चौथीपर्यंत मराठी शिकलेल्या. मी म्हणाले होते, "ते लोकांना आवडतं, मावशी."

त्यांनी हे का विचारलं होतं सांगू? मीटिंगच्या फायली त्याच भरायच्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आधी माहितीपत्रक, मग दरपत्रक, मग नमुन्याचा रिपोर्ट. त्या दिवशी सकाळी लासूरला निघताना मीच सांगून गेले होते, "मावशी, उद्याला वीस फायली लागतील."

मी उठले आणि पँट्रीत गेले. मावशी उलट्या बादलीवर बसल्या होत्या. मांडीवर त्या रिपोर्टचा गठ्ठा, पायांशी भरलेल्या फायली. चपला काढून ठेवलेल्या. त्यांच्या पायांवर चपलांच्या पट्ट्यांचे वळ उठले होते, खोल. घोटा कुठला आणि पाय कुठला ते कळत नव्हतं. हे पाय मी रोज बघत होते.

"सोळा झाल्या बघा ताई," त्या म्हणाल्या. "चार ऱ्हायल्यात. लाल बाजू वर ठिवलीय, तुमाला आवडती तशी."

मी तो गठ्ठा त्यांच्या मांडीवरून ओढला. इतक्या जोरात ओढला की त्या दचकल्या.

"काय चुकलं का ओ माजं?"

"नाही. चला. दवाखान्यात जायचंय."

"कुणाला काय झालं?"

"तुम्हाला, मावशी."

त्या हसल्या. "मला काय धाड भरलीय? तुमीच म्हणल्या व्हत्या ना, सगळं ठीक हाय."

शहरातल्या किडनीच्या डॉक्टरांकडं मी ओळख काढून त्याच संध्याकाळची वेळ मिळवली. लोकांकडून वेळ काढून घेणं हेच तर माझं काम, तेवढं मला येतं. मावशींचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात पाळीला होता, तो तसाच कपड्यांना ऑइल लागलेला आला. परत रक्त घेतलं. भाईंनीच घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नवे आकडे जुन्या आकड्यांपेक्षाही वाईट आले.

डॉक्टरांनी तपासलं, पाय दाबून बघितले. मग विचारलं, "मावशी, दुखण्याच्या गोळ्या खाता का?"

"व्हय. गुडगं लई दुखत्यात. गोळी घेतली का बरं वाटतं."

"किती दिवसांपासून?"

"लई दिवस झालं की."

"डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय? कोण देतं?"

मावशींनी माझ्याकडं हात केला. अभिमानानं, हो, अभिमानानंच. "आमच्या ताई देत्यात. कवा नाय म्हणत नायत."

डॉक्टर माझ्याकडं वळले. त्या गोळ्या दुखऱ्या किडनीला विष असतात, हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते? आमच्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ते छापलंय. मजकूर मीच तपासला होता.

डॉक्टर म्हणाले, निम्म्याच्या वर काम गेलंय. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं. साखर ताब्यात ठेवायची, मीठ कमी, त्या गोळ्यांना हात लावायचा नाही. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही, नीट राहिल्या तर लांबवता येईल. "सहा-आठ महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं," असंही म्हणाले. मुलगा म्हणाला, "आम्हाला कसं कळणार साहेब, रिपोर्टच नव्हता ना."

मी त्याच्या शेजारी उभी होते. माझ्या पर्समध्ये त्या रिपोर्टच्या सहा रंगीत प्रती होत्या.

बाहेर येऊन मी लासूरला फोन लावला. डॉक्टरांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आहे?"

"आहे, डॉक्टर."

"बरं," म्हणाले, आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी रात्रीच स्वतःचं रक्त दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतलं होतं, हे मला भाईंकडून कळलं. मावशींच्या औषधपाण्याचं कंपनी बघेल, पगारी रजाही देऊ, ते म्हणाले. ते त्यांनी पाळलं, तेवढं खरं. पण वर म्हणाले, "त्या रिपोर्टचं त्यांना सांगायची काही गरज नाही. उगाच बिचाऱ्यांच्या जिवाला लागेल." आणि भीती वाटते सांगायला, पण मलाही क्षणभर बरं वाटलं. सुटले, असं वाटलं. उपचार चालू झालेत, मुलगा मला हात जोडतोय, मावशी सगळ्यांना सांगतायत की ताईंनी मला दवाखान्यात नेलं म्हणून जगले. कशाला उकरायचं?

पंधरा दिवस मी असंच ढकललं. मग मावशींनी सुनेबरोबर माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवली. बरणीवर चिठ्ठी होती, मराठीत, मोठ्या वाकड्या अक्षरांत: 'ताईंना. यात मीठ मी चाखलं नाय, कमीजास्त झालं असंल.' ती वाचली आणि मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये रडू फुटलं. वॉचमन पळत आला, त्याला वाटलं गाडीला कुणी ठोकलं.

रविवारी मी बजाजनगरला त्यांच्या खोलीवर गेले. मुलगा ड्युटीवर होता, सून नळावर पाणी भरत होती. मावशी कॉटवर पाय लांब करून बसलेल्या. सूज उतरली होती, घोटे दिसत होते. मी पर्समधून तो कागद काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"हा तर आपला फायलीतला," त्या म्हणाल्या.

"मावशी, हा तुमचा आहे."

मी सगळं सांगितलं. चौदा रिपोर्ट, सगळ्यात लाल निवडला, नावावर कागद चिकटवला, सगळं. रडत नव्हते. रडले असते तर त्यांनीच माझे डोळे पुसले असते, आणि ते मला नको होतं. मावशींनी कागद उचलला. आठ महिने शेकड्यानं फोल्डरमध्ये सरकवलेला तो कागद त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांजवळ नेला. लाल आकड्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

"ह्ये सगळं माजं?"

"हो."

"आन् म्या माज्याच हातानं भरत व्हते?"

"हो, मावशी."

नळाखाली घागर भरल्याचा आवाज येत होता.

"किती जणांनी बगितला असंल?"

"लई जणांनी. कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत. सगळीकडं नेला मी."

"डाक्टर लोकांनीबी?"

"काही डॉक्टरांनीपण."

"आन् एकानंबी नाय इचारलं, हे कुणाचं हाय म्हणून?"

"एकानं विचारलं. लासूरच्या."

मावशींनी मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं. राग असता तर मी सोसला असता. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्या खरंच विचारत होत्या. "आन् तुमी ओ, ताई? तुमच्या तर रोज हातात व्हता."

मी इतकी बोलणारी बाई, लोकांना नको असलेली वस्तू गळ्यात मारणारी, खाली त्या कागदाकडं बघत बसले.

मावशींनी कागदाची घडी केली आणि उशीखाली ठेवली. मला परत दिला नाही. मग फळीवरून औषधाची पिशवी काढली, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गोळ्यांची पाकिटं कॉटवर ओळीनं मांडली.

"यातली सकाळची कंची आन् रातची कंची, ते मला कळंना," त्या म्हणाल्या. "वाचून सांगा. पर ह्या येळंला नीट वाचा."

मी चिठ्ठी वाचायला घेतली. वरच्या नावापासून सुरुवात केली. मावशींचं नाव, वय, मग एकेक गोळी, ती कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर. त्या प्रत्येक पाकिटावर बोट ठेवत होत्या आणि मी पुढं गेले की परत मागं आणत होत्या. खालची सही आणि पुढच्या भेटीची तारीखसुद्धा त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.